संक्रांतीचं वाण आणि लोणच्याची बरणी

आम्ही सिडनीला राहतो असं कळलं की महाराष्ट्रातले नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे चांगली कणीक मिळते का, आणि तिकडे म्हणे घराघरात विषारी कोळी असतात? दोन्हींचं उत्तर 'हो' आहे. पहिल्या उत्तरानं त्यांचा जीव भांड्यात पडतो, दुसऱ्यानं आमच्याकडे येण्याचा बेत पुढच्या वर्षावर जातो. काही ठरावीक नातेवाइकांना मी दुसरं उत्तर आधी देते, आणि जरा रंगवून.

सासूबाईंवर मात्र या उत्तराचा काडीचाही परिणाम झाला नाही. "आमच्या इचलकरंजीच्या जुन्या घरात गादी झटकल्याशिवाय कुणी आडवं होत नव्हतं. विंचू काढलेत मी चिमट्यानं. कोळ्याचं काय कौतुक सांगतेस मला?" एवढं फोनवर ऐकवून त्यांनी बॅगेत लांब दांड्याचा झारा आणि लोणच्याची सीलबंद बरणी भरली आणि त्या आल्या.

आल्या आल्या त्यांना भेटला तो हंट्समन. देवघराच्या बरोबर वर, पांढऱ्या भिंतीवर, तपकिरी, केसाळ, चपटा. पाय पसरले की हा प्राणी 15 सेंटीमीटरपर्यंत भरतो आणि भिंतीवरून धावतो तेव्हा कुठल्या दिशेनं धावणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. विंचू चिमट्यानं काढणाऱ्या बाईंनी जी किंकाळी फोडली ती ऐकून मी बाहेर आले, तर त्या पाटावर उभ्या होत्या आणि पाट खुर्चीवर होता.

आता हा हंट्समन म्हणजे अगदी निरुपद्रवी जीव. जाळं विणत नाही, झुरळं खातो, चावला तर थोडा वेळ दुखतं आणि थांबतं. त्याचा खरा धोका मोटारीत. उन्हाची झडप खाली ओढावी आणि तिच्यामागे दिवसभर झोपलेला हंट्समन मांडीवर यावा, तेही भर हायवेवर, असे प्रकार इथे होतात. आणि मग जे काही नुकसान होतं ते कोळी करत नाही, गाडी चालवणारा करतो. इथे राहून माझं एक मत पक्कं झालंय: माणूस कोळ्याला विषाच्या हिशेबानं घाबरत नाही, पायांच्या लांबीच्या हिशेबानं घाबरतो.

सासूबाईंना मी म्हटलं, "आई, हळू. इथे किंकाळी ऐकून पोलीस येतात." त्यांना ती थाप वाटली, पण तसं घडलेलं आहे. 2019 च्या जानेवारीत पर्थजवळ एका घरातून पुरुषाचा ओरडण्याचा आवाज येत होता, "मरत का नाहीस? मर ना!" आणि सोबत लहान मुलाचं रडणं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी पोलिसांना कळवलं. पोलीस धावत पोचले तर गृहस्थ एका कोळ्याशी झुंजत होते. पोलिसांच्या नोंदीत लिहिलं होतं की कुणालाही इजा नाही, कोळी वगळता. ऑस्ट्रेलियन सरकारी भाषेवर माझा जीव आहे तो अशा नोंदींमुळे.

या देशाचं कोळ्यांबद्दलचं धोरण समजून घ्यायचं तर पेपा पिगची गोष्ट ऐकावी लागते. जगभरची पोरं बघतात त्या कार्टूनच्या एका भागात पेपाला शिकवतात की कोळी इवलासा असतो, तो आपल्याला काही करत नाही, त्याला घाबरू नये. इंग्लंडात ते खरंही असेल. इथल्या एबीसी वाहिनीनं 2012 साली तो भाग पुन्हा दाखवायचा नाही असं ठरवलं. काही वर्षांनी तो दुसऱ्या वाहिनीवर दिसला आणि इथल्या एका आईनं तक्रार केली. आपल्याकडे पोरांना 'बागुलबुवा येईल' म्हणून घाबरवतात. इथे, पोरं घाबरत नाहीत म्हणून आया घाबरतात.

तर घाबरण्यालायक कोण? पहिली ती रेडबॅक. पहिली म्हणते कारण या घराण्यात नाव कमावलंय ते बायकांनी. काळीभोर, जेमतेम एक सेंटीमीटरचं गोल पोट आणि त्यावर पाठीमागून ओढलेला लाल पट्टा. पोस्टाची पेटी, बागेतल्या खुर्चीची खालची बाजू, बार्बेक्यूचं झाकण, मुलाचं सायकलचं हेल्मेट, जे जे आपण बाहेर ठेवून विसरतो ते ते तिचं. पूर्वी संडास परसात असत आणि तिला लाकडी बैठकीची खालची बाजू फार आवडे. त्या काळातले चावे नेमके कुठे होत ते सभ्य मासिकात लिहिता येत नाही, पण 1972 साली स्लिम न्यूटन नावाच्या गायकानं त्यावर गाणं केलं आणि ते देशभर गाजलं. विषावरचा उतारा 1956 साली निघाला, तेव्हापासून लोकांना त्या विषयावर गाणं सुचायला लागलं असावं.

रेडबॅकचा नर तीन-चार मिलिमीटरचा. मीलनाच्या वेळी तो स्वतःहून कोलांटी मारतो आणि आपलं पोट मादीच्या तोंडाशी नेतो, आणि ती बहुधा त्याला खाते. ही माहिती नवऱ्यानं जेवताना मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवली. सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या पानात न मागता आणखी एक पोळी वाढली.

व्हाइट-टेल नावाचा आणखी एक कोळी बदनाम आहे. तो चावला की मांस सडतं असं कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. 2003 साली संशोधकांनी त्याच्या 130 खात्रीच्या चाव्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा एकाही रोग्याला तशी जखम झालेली नव्हती. तरी आमच्या शेजारच्या बाई अजून त्यालाच दोष देतात. आमची आजीसुद्धा अंगावर कुठेही फोड उठला की 'कोळी फिरला' म्हणायची.

आता फनेल-वेब. सिडनी फनेल-वेबच्या विषाची धास्ती जगभरच्या डॉक्टरांना आहे, आणि त्याचा मुलूख म्हणजे सिडनीभोवतीचा साधारण 160 किलोमीटरचा टापू. त्यातही त्याला आवडतात दमट, झाडीच्या जागा, म्हणजे उत्तर सिडनीत आम्ही कर्ज काढून घेतलं तसलं घर. चकाकता काळा, तुकतुकीत, जणू नुकतंच पॉलिश केलेला. मादी बिळात बसते, बिळाच्या तोंडाशी रेशमी धागे पसरते आणि आयुष्य तिथेच काढते. नर मोठा झाला की बीळ सोडतो. नोव्हेंबर ते एप्रिल, पाऊस पडून गेलेल्या उबदार रात्री, तो मादी शोधत भटकतो. आणि इथली मेख अशी की या जातीत नराचं विष मादीच्या कितीतरी पट जहाल.

"म्हणजे स्थळं बघायला निघालेला नवरामुलगा," सासूबाई म्हणाल्या. "तरीच ताठ्यात असतो."

उपमा बिनचूक आहे. नवरामुलगा रात्रभर चालतो, पत्ता चुकतो, पहाटे उजाडायला लागलं की अंधारी, दमट जागा बघून शिरतो. गॅरेजमध्ये टाकलेले कपडे, ओला टॉवेल, बूट. पोहण्याच्या तलावात पडला तर तळाशी मेल्यासारखा बसतो, पण अंगावरच्या केसांत हवेचा बुडबुडा धरून कित्येक तास जिवंत राहतो. म्हणून मेलेला कोळी हातानं काढू नये अशी इथल्या शाळेतही शिकवण. त्याला डिवचलं तर पळत नाही. पुढचे पाय उचलून मागे रेलतो आणि सुळे वर करतो, सुळ्यांच्या टोकाला विषाचा थेंब लोंबत असतो. हे सुळे माणसाच्या नखातूनही आरपार जातात.

या विषातला सगळ्यात अपमानास्पद भाग पुढेच आहे. कुत्र्यामांजरांना ते फारसं बाधत नाही. बाधतं माणसाला आणि माकडाला. ज्या खंडात माणूस येण्याआधी एकही माकड नव्हतं, तिथल्या कोळ्याला हे विष कुणासाठी सुचलं असेल? आपण माकडांचे नातलग आहोत याचा इतका झटपट पुरावा दुसरा नसेल. चावा बसला की ओठांना मुंग्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, आणि अंगभर स्नायू आपोआप फडफडायला लागतात. उतारा निघेपर्यंत 13 मृत्यूंची नोंद आहे. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सिरम लॅबोरेटरीत स्ट्रुअन सदरलँड यांनी वर्षानुवर्षं खपून हा उतारा तयार केला. तो 1981 साली वापरात आला आणि त्यानंतर या कोळ्यानं एकही बळी घेतल्याची नोंद नाही.

उतारा करायचा तर विष लागतं आणि विषासाठी कोळी. गॉसफर्डजवळच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये कर्मचारी फनेल-वेबला डिवचतात, तो सुळे उगारतो, आणि सुळ्यावरचा थेंब काचेच्या बारीक नळीनं ओढून घेतात. ते विष अगदी थोडं थोडं सशांना टोचतात आणि सशांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून औषध बनतं. 2017 साली एका दहा वर्षांच्या मुलाला बुटात दडलेला फनेल-वेब चावला, तेव्हा त्याला वाचवायला तब्बल 12 कुप्या लागल्या. एवढे कोळी पार्क कुठून आणणार? म्हणून ते लोकांना विनंती करतं की सापडला तर मारू नका, बरणीत घाला आणि आणून द्या. म्हणजे निरुपद्रवी हंट्समनच्या नशिबी केरसुणी, आणि जीवघेण्या फनेल-वेबच्या नशिबी मोटारीतून सन्मानाची सवारी.

आमच्याकडे ही सवारी निघाली ती संक्रांतीत. इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, पण हळदीकुंकू जानेवारीतच करायचं, काळ्या साड्या नेसायच्या आणि घामानं निथळत तिळगूळ वाटायचा, याबाबतीत सिडनीतल्या मराठी बायका इंचभर मागे हटत नाहीत. पंचाईत होते ती चपलांची. आपला संस्कार सांगतो, दाराबाहेर काढा. फनेल-वेबचा संस्कार सांगतो, बाहेर काढलेली प्रत्येक चप्पल माझी. म्हणून आमच्याकडे आत, बैठकीच्या कोपऱ्यात, झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा ठेवलेला असतो आणि येणारीच्या कपाळी कुंकू लागण्याआधी तिच्या चपला त्यात जातात. पॅरामाटाकडून आलेल्या एका मैत्रिणीला हे फाजील वाटलं. "आमच्याकडे नाही बाई असलं काही," म्हणून तिनं आपल्या भरजरी मोजड्या व्हरांड्यातच ठेवल्या. आदल्या रात्री पाऊस झाला होता.

ती निघाली तेव्हा सासूबाईंनी त्या मोजड्या उचलल्या, इचलकरंजीच्या सवयीनं उलट्या केल्या आणि पायरीवर आपटल्या. डाव्या मोजडीतून तो बाहेर पडला, उलटा झाला, सुलटा झाला आणि पुढचे पाय उचलून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. वाण हातात धरलेल्या तेवढ्या बायका क्षणात घरात. मैत्रिणीची बोबडी वळलेली. सासूबाई मात्र कंबरेवर हात ठेवून वाकून बघत होत्या. "हा? एवढासा? पाय तर त्या देवघरावरच्याच्या पावपटसुद्धा नाहीत."

मी लांबूनच ओरडून शास्त्रार्थ सांगितला: हात लावायचा नाही, रुंद तोंडाची बरणी आडवी धरायची, लांब दांड्यानं त्याला आत ढकलायचं. लोणच्याची बरणी नुकतीच संपली होती, घासून पालथी घातलेली. झाऱ्याचा दांडा सासूबाईंच्या हाती. त्यांनी फोडणीतली मोहरी परतावी इतक्या निवांतपणे त्याला आत लोटलं आणि बरणी उभी केली. फनेल-वेबला गुळगुळीत काच चढता येत नाही, हे मला पाठ होतं. तरी तो आत पाय आपटत होता तेव्हा माझा या माहितीवरचा विश्वास डळमळला. मग ओली माती चमचाभर, झाकणाला भोकं. त्या झाऱ्यानं आता आमच्याकडे कुणी चिवडा तळत नाही.

जमा करण्याच्या ठिकाणापर्यंत बरणी कुणाच्या मांडीवर, यावरून नवऱ्यात आणि माझ्यात जो संवाद झाला तो गाळते. अखेर सासूबाई मागच्या सीटवर बसल्या आणि शेजारी बरणीला पट्टा लावला. तिथल्या मुलीनं शांतपणे कुठे सापडला, कधी सापडला ते लिहून घेतलं. 2024 मध्ये पार्ककडे 7.9 सेंटीमीटरचा नर आला तेव्हा त्याचं नाव हर्क्युलिस ठेवलं होतं, हे ऐकल्यापासून सासूबाईंच्या डोक्यात एकच. "तिला सांग, आमच्याचं नाव बंड्या."

रात्री इचलकरंजीच्या व्हॉट्सॅप गटावर त्यांचा निरोप गेला: 'पर्वकाळात औषधासाठी जिवंत कोळी दान केला.' खाली चाळीसभर नमस्कार. पुढे 2025 मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की आपण ज्याला एकच सिडनी फनेल-वेब समजत होतो त्या खरं तर तीन वेगवेगळ्या प्रजाती आहेत, तेव्हा सासूबाईंनी इचलकरंजीहून फोन करून एवढंच विचारलं, "मग बंड्या कुठल्या भावकीतला?"

उन्हाळ्यात सिडनीच्या उत्तर भागात कुणाकडे जाणार असाल तर चपला घरात आणा. यजमानांना संकोच वाटतो, तुम्ही वाटून घेऊ नका. फनेल-वेब चावलाच तर चाव्यापासून सुरू करून अख्ख्या हातापायावर रुंद बँडेज घट्ट गुंडाळा, तो अवयव हलवू नका, चालू नका, आणि 000 ला फोन करा. रेडबॅक असेल तर बँडेज नको, नुसता बर्फ. बँडेज कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. येतानाच घेऊन या, आमच्याकडचं सासूबाईंनी गुडघ्याला वापरलं.