कुरडईचं झाड

नैसर्गिक आहाराच्या वाटेत पहिला धोंडा सकाळी साडेसहालाच येतो. चहा. मळ्यात खुडलेली पानं आधी कोमेजवायची, दातेरी रुळांत चिरडायची, तांबूस होईपर्यंत पसरून ठेवायची, गरम हवेवर वाळवायची, तेव्हा कुठे आपल्या डब्यात भुकटी येते. एवढे हाल झालेल्या वस्तूला प्रक्रिया न केलेली म्हणताना जीभ अडखळायला हवी. आमच्या ह्यांची अडखळली नाही. “ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरोंनी चहा पहिल्या गटात घातलाय,” असं सांगून त्यांनी कप पुढे केला.

हे मोंतेरो साओ पावलो विद्यापीठातले. अन्नात काय आहे यापेक्षा अन्नाचं काय केलंय ते बघा, असं त्यांनी २००९ साली मांडलं. त्यांच्या ‘नोव्हा’ वर्गीकरणात चार गट आहेत. पहिल्यात धान्य, भाज्या, दूध, पीठ; दुसऱ्यात साखर, तेल, मीठ; तिसऱ्यात लोणची, चीज वगैरे; आणि चौथ्यात बिस्किटं, इन्स्टंट नूडल्स, बाटलीतली पेयं, म्हणजे निवृत्तीनंतर आमच्या ह्यांचा जो मुख्य आहार होऊन बसला होता तो. साखरेचा रिपोर्ट आला आणि ह्यांनी जाहीर केलं, “आजपासून या घरात प्रक्रिया केलेलं काही येणार नाही.”

काय येणार ते जाहीर करणारा आणि आलेलं निवडणारा-पाखडणारा ही आमच्याकडे दोन वेगळी माणसं आहेत. म्हणून मी उपसूचना मांडली: जी प्रक्रिया बाहेर होऊ द्यायची नाही, ती घरात तुम्ही करायची. जप करत बसलेल्या सासूबाईंनी माळेसकट हात वर केला. ठराव मंजूर झाला.

पंचाईत झाली ती एकादशीला. साबुदाणा भिजत घालताना सासूबाईंनी विचारलं, “अरे, हा चालतो ना तुला?” ह्यांनी फोनमध्ये डोकं घातलं. तामिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाचे कंद सोलून, वाटून, धुऊन त्यातलं सत्त्व हौदात बसवतात, ते हलवून हलवून त्याचे दाणे करतात, भाजतात नाहीतर वाफवतात, आणि वाळवतात. कंदात जे काही चोथ्याचं आणि पोषणाचं असतं ते बहुतेक वाटेतच जातं. आपण भक्तिभावाने खातो तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. ह्यांचा चेहरा पडला. “मग आज मी खाऊ काय?”

“उपवास कर,” सासूबाई म्हणाल्या.

पुढे कच्च्या खाण्याचं खूळ आलं. शिजवणं हीसुद्धा प्रक्रियाच की! एका सकाळी मिक्सरमधून हिरवंगार काहीतरी बाहेर पडलं. पालक संपला होता, म्हणून कुंडीतल्या अळूची पानं तोडली होती. अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे टोकदार स्फटिक असतात, ते घशात टोचतात. आपण अळूला चिंच लावून ते गळेपर्यंत शिजवतो ते काही नुसतं चवीसाठी नव्हे. आपल्याला कुणी खावं अशी बिचाऱ्या अळूची मुळीच इच्छा नसते. ह्यांना बराच वेळ बोलता येईना. दुपारी सासूबाईंनी मला हळूच विचारलं, “अळू अजून आहे का गं?”

त्यानंतर जुन्या बाजारातून जातं आलं. चक्कीत पीठ तापतं, त्यातलं सत्त्व जातं, असं ह्यांचं म्हणणं. टाकी लावून घेतली, खुंटा ठोकला, आणि हे मूठमूठ ज्वारी वैरत बसले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आहेत. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. ह्यांच्या कंबरेत उसण भरली. पीठ निघालं ते सासूबाईंच्या एका भाकरीपुरतं, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन “काही मशीन बसवताय का?” असं विचारून गेले.

कंबर शेकत पडल्या पडल्या ह्यांनी मला अमेरिकेतला प्रयोग ऐकवला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे चौथ्या गटातलं खाणं, दोन आठवडे साधं. दोन्ही वेळा पाहिजे तेवढं खायची मुभा. चौथ्या गटाच्या वेळी माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. २०१९ साली हे छापून आलं. प्रयोग चोख आहे, माझी काही तक्रार नाही. मी फक्त विचारलं, त्या वीस जणांचं रांधत कोण होतं? संस्थेचं स्वयंपाकघर. पगारी माणसं. मग जमणारच.

एप्रिलमध्ये सासूबाईंनी कुरडयांना हात घातला. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळायचे, चीक बसवायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा, कडकडीत वाळवायचा. ह्यांनी गच्चीच्या दारातून निदान केलं: “आई, हे तर कारखान्यासारखंच आहे. स्टार्च वेगळा काढायचा, साच्यातून दाबायचा. कुरडई नैसर्गिक नाही.”

“कुरडईचं झाड असतं,” सासूबाई सोऱ्या न थांबवता म्हणाल्या, “तर मी या उन्हात कशाला बसले असते?”

आजीच्या काळी सगळं नैसर्गिक होतं, असं सांगणारे लोक त्या वेळी आजी काय करत होती हे सांगत नाहीत. कांडण, दळण, घुसळण, वाळवण. आजी हाच कारखाना होता; फक्त पाळी संपल्याचा भोंगा तिथे वाजत नसे.

आता आमचं असं ठरलंय: बिस्किटं, नूडल्स आणि रंगीत पाणी घरात येत नाही. ह्यांची साखर उतरली आहे, ते श्रेय मी मोंतेरोंना द्यायला तयार आहे. पोहे, कुरडया आणि चहा यांच्यावर चर्चा होत नाही. दळण गिरणीत जातं, न्यायचं आणि आणायचं काम ह्यांचं.

जातं मात्र उत्तम स्थितीत आहे, टाकी ताजी आहे, वापर नाममात्र. कुणाला हवं असेल तर फुकट घेऊन जा. येताना दोन दणकट माणसं आणा, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.