विजयाची थकबाकी

इंग्लंडने अमेरिकेतल्या तेरा वसाहती गमावल्या, त्या आधीचे युद्ध जिंकल्यामुळे. ओहायो नदीच्या खोऱ्यावर इंग्लंड आणि फ्रान्स दोघेही हक्क सांगत होते. तिथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. १७५४च्या मे महिन्यात व्हर्जिनिया वसाहतीच्या एका २२ वर्षांच्या अधिकाऱ्याने तिथे फ्रेंच तुकडीवर छापा घातला. तुकडीचा प्रमुख जुमोनव्हिल मारला गेला. लवकरच फ्रेंचांनी या अधिकाऱ्याला त्यानेच घाईघाईत उभारलेल्या लाकडी गढीत कोंडले. ३ जुलैच्या रात्री, भर पावसात, वाचता न येणाऱ्या फ्रेंच कागदावर त्याने सही ठोकली आणि जुमोनव्हिलच्या खुनाची कबुली देऊन मोकळा झाला. ४ जुलैला गढी रिकामी केली. अधिकाऱ्याचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन. तारीख पुढे देशाच्या उपयोगी पडली.

या चकमकीतून पेटलेले युद्ध युरोपपासून बंगालपर्यंत पोहोचले आणि १७६३ मध्ये पॅरिसच्या तहाने संपले. बर्फाळ कॅनडा घ्यावा की साखर पिकवणारे ग्वादलूप बेट, यावर लंडनमध्ये बराच खल झाला. शेवटी कॅनडा इंग्लंडला आणि साखर फ्रान्सला. फ्रेंच मंत्री श्वाझल याला तहाचे फारसे सुतक नव्हते. फ्रेंचांचा धाक गेला की वसाहतींना इंग्लंडची गरज उरणार नाही, हे त्याने ताडले होते. तोवर आरमार बांधत बसायचे, एवढेच काम होते.

विजेत्या इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींपलीकडे गेले होते. कर्ज वाढले की एकत्र कुटुंबातल्या कर्त्याची नजर आधी धाकट्याच्या कमाईवर जाते. वसाहतींच्या रक्षणासाठी दहा हजारांच्या आसपास फौज ठेवायची आणि तिच्या खर्चाचा वाटा वसाहतींनी उचलायचा, असे ठरले. शत्रू तर नुकताच हाकलला होता. मग रक्षण कोणापासून, असे वसाहतवाल्यांनी विचारले. त्यातच १७६३च्या फर्मानाने ॲपलेशियन डोंगरापलीकडे वसाहत करण्यास बंदी घातली. ज्या जमिनीसाठी लढाई झाली, ती पाहायची पण घ्यायची नाही. वॉशिंग्टनने ही बंदी तात्पुरती मलमपट्टी मानली आणि पलीकडच्या जमिनी गुपचूप हेरण्यासाठी माणूस लावला.

१७६५चा मुद्रांक कायदा तर थेट घरात शिरला. मृत्युपत्र, वर्तमानपत्र, पदवीपत्र, पत्त्यांचा जोड, फासे: सगळ्यावर कर. वकील, छापखानेवाले आणि जुगारी यांना एकाच वेळी दुखावण्याची किमया पंतप्रधान ग्रेनव्हिलच्या सरकारने साधली. वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. पण कर लावण्याचा हक्क अबाधित असल्याचा दुसरा कायदा पार्लमेंटने त्याच दमात केला. नाक कापले तरी भोके शाबूत. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. ५ मार्च १७७० रोजी नवे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी चहा वगळून बाकीची जकात उठवण्याचा प्रस्ताव लंडनमध्ये मांडला. त्याच संध्याकाळी बोस्टनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच जण दगावले. बातमीला समुद्र ओलांडायला आठवडे लागत.

मग ईस्ट इंडिया कंपनी आली. बंगालचा महसूल हाती, १७७० च्या दुष्काळात रयत मेलेली, साहेब गबर, आणि कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. सरकारने तिला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले आणि गोदामात साचलेला चिनी चहा थेट अमेरिकेत विकण्याची सवलत दिली. रतलामागे तीन पेन्स जकात भरूनही तो चोरट्या डच चहापेक्षा स्वस्त पडणार होता. चोरट्या चहावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांना स्वातंत्र्याची निकड तेव्हा विशेष जाणवली. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनकरांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. वेष मोहॉक जमातीचा. ज्यांच्या जमिनी हव्या होत्या, त्यांचे निदान कपडे तरी घेतले.

पार्लमेंटने १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद केले आणि वादग्रस्त ओहायोचे खोरे क्वेबेक प्रांताला जोडून टाकले. म्हणजे वीस वर्षे लढून ते पुन्हा कॅनडाकडेच. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळी सुटली, पुढच्या वर्षीच्या जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

श्वाझल तोवर पदावर नव्हता, पण आरमार तयार होते. १७७८ मध्ये फ्रान्स उघडपणे वॉशिंग्टनच्या बाजूने उतरला. जुमोनव्हिलचा विषय कोणी काढला नाही. त्याआधीच १७७७ मध्ये सें ल्युबँ हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांकडे येऊन मुंबईकर इंग्रजांची झोप उडवून गेला होता. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी बढती मिळून कलकत्त्याला गव्हर्नर जनरल झाला. कराला संमती विचारणारे पार्लमेंट तिथे नव्हते.

फ्रान्सला या सुडाचा खर्च शंभर कोटी लिव्ह्रांहून अधिक आला. खजिना आटला, नवे कर लावणे भाग पडले. प्रतिनिधींच्या संमतीवाचून कर नाही, या तत्त्वासाठी परमुलखात पैसा ओतणाऱ्या सोळाव्या लुईला मे १७८९ मध्ये, १६१४ नंतर पहिल्यांदाच, आपल्या प्रजेचे प्रतिनिधी व्हर्सायला बोलवावे लागले.