अळंब्यांचा पंचनामा

फिनलंडात सत्यनिष्ठेचा अंमल इतका कडक आहे की, अमुक गृहस्थाचे वार्षिक उत्पन्न किती आणि त्याने सरकारात कर किती भरला, हे कोणाही ऐऱ्यागैऱ्याला कर-कचेरीत जाऊन पाहता येते. परंतु त्याच गृहस्थाला ही सोनेरी कांतारेली अळंबी कोणत्या रानातून आणली असे विचारावे, तर तो ज्या दिशेला बोट दाखवितो तिकडे बहुधा सरोवर असते. वस्तुतः परक्याच्या रानातही, घराअंगणाचा आब राखून, कोणीही अळंबी वेचावीत अशी तेथील वहिवाट आहे. म्हणूनच की काय, जागा गुप्त ठेवण्यावाचून मालकी सांगण्याचा दुसरा उपाय उरत नाही. आमच्या यजमानीणबाईंनी तर ती पोटच्या मुलीलाही सांगितलेली नव्हती. कारण, जावई बोलका.

सप्टेंबरातल्या एका ओल्या सकाळी, वाटेच्या खुणा ध्यानात ठेवणार नाही असे अभिवचन घेऊनच, बाईंनी मला स्प्रूस वृक्षांच्या दाटीत नेले. तेथे प्रत्येक अळंब्याचा रीतसर पंचनामा झाला: टोपीखाली पाती आहेत की छिद्रे, देठाला वलय आहे काय, जर्दाळूसारखा गंध येतो काय, आणि टोपीखालच्या शिरा फाटे फुटून देठावर उतरतात काय. लाल टोपीवर पांढरे ठिपके मिरविणारे अळंबे निदान आपले दुर्गुण जाहीर करून उभे असते. खरी धास्ती त्या सोज्ज्वळ, शुभ्र अळंब्याची, जे बुडाची पिशवी शेवाळात दडवून ठेवते, पोटात गेल्यावर कित्येक तास निमूट राहते, आणि मग यकृताचा निकाल लावते. म्हणून संशयिताला वरच्यावर न कापता मुळापासून उकरून काढावे, असा बाईंचा दंडक होता.

एवढी सावधगिरी पाहून माझा जीव निर्धास्त झाला होता. तोच रात्री त्यांनी वसंतात वाळविलेले, मेंदूसारख्या वळ्यांचे कोर्वासिएनी साईच्या रश्शात वाढले. कच्चे असता प्राणघातक असलेले हे अळंबे तेथील बाजारात सूचनापत्रकासह राजरोस विकतात. ते भरपूर पाण्यात दोनदा उकळावे, दरवेळी पाणी फेकावे, आणि वाफही विषारी असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

“पहिल्या वेळी विष नीट उतरले नाही तर?” मी विचारले.

“म्हणून तर दुसऱ्यांदा उकळायचे,” बाई प्रसन्नपणे म्हणाल्या.

मी बटाटे आणखी मागून घेतले.