आबाजींना टॅब असा द्यावा, की तो आपल्याकडेच राहील

दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी येणाऱ्या मुलांच्या पिशवीत हल्ली आबाजींसाठी टॅब असतो. हेतू चांगलाच आहे. पण म्हातारा माणूस खरोखर ऑनलाइन आला, तर पुढे त्याला आवरायचे कोणी? तेव्हा टॅब दिल्याचे पुण्य पदरात पडावे आणि आबाजी मात्र होते तिथेच, ओसरीवर, राहावेत, अशी बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली सारखीच यशस्वी ठरलेली पद्धत इच्छुकांसाठी देत आहोत.

टॅब शक्यतो लहान पडद्याचा घ्यावा. दहा इंची पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मग आजी ‘श्री गजानन विजय’चे एकवीस अध्याय चष्मा न शोधता वाचू लागतात, पोथीच्या लाकडी स्टँडवर टॅब मांडून बसतात आणि नातवाला गेम खेळायला तो मिळत नाही. मोठा घेतलाच असेल तर वरचे प्लास्टिक काढू नये, आणि गोदरेजच्या कपाटात नव्या साड्यांखाली ठेवून किल्ली सुनेकडे द्यावी. विचारल्यास ‘खराब होईन ना’ एवढे उत्तर पुरते.

नंतर बोटांचा प्रश्न. टॅबच्या काचेवर विजेचा अगदी क्षीण भार खेळत असतो. बोट टेकले की त्यात फरक पडतो आणि कुठे टेकले ते यंत्राला कळते. जन्मभर कापूस वेचलेल्या, डवऱ्याचे रुमणे धरलेल्या बोटाची कातडी कोरडी आणि जाड असते, त्यामुळे काच कित्येकदा त्या बोटाची दखलच घेत नाही. आबाजींना याचे नवल वाटत नाही. रेशन दुकानातली अंगठ्याची मशीनही त्यांना असेच वागवते. ओलसर फडक्यावर बोट टेकवून मग काचेवर ठेवले, किंवा रबरी टोकाचे स्वस्तातले पेन हाती दिले, तर बहुतेक वेळा काम होते. हे कोणी सांगू नये. त्याऐवजी आधी म्हणावे, ‘आबाजी, जोरानं दाबा.’ त्यांनी दाबले की म्हणावे, ‘एवढं जोरानं नका दाबू, काच फुटन.’ तिसऱ्या खेपेला ‘तुमाले नाई जमत, आना इकडे’ म्हणून टॅब काढून घ्यावा. शिकवणी इथे संपते.

ज्यांचा हात थरथरतो त्यांना हवे ते सोडून भलतेच उघडते. त्यावरही सेटिंगमध्ये तोड आहे: बोट किती वेळ टेकले म्हणजे ‘दाबून धरले’ समजायचे, तो वेळ वाढवता येतो. ही आणि अशी सगळी सामग्री ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाच्या खणात फुकट भरून ठेवलेली आहे. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी समोरच्याचे बोलणे मराठीत लिहून दाखवणारे ॲपही निराळे मिळते. या खणाकडे चुकूनही जाऊ नये.

एका घरी चुकून गेले. आवाजाची दोन्ही बटणे एकदम दाबून धरल्याने टॉकबॅक सुरू झाले, आणि टॅबमधली बाई बोट जाईल ते मोठ्याने वाचू लागली. एकदा टेकवले तर नुसते वाचायचे, उघडायचे तर दोनदा टेकवायचे, सरकवायचे तर दोन बोटांनी. हे ठाऊक नसल्याने घरातले तीन पदवीधर घामाघूम झाले. बसस्टँडजवळच्या मोबाइलवाल्याने ‘सॉफ्टवेअर माराव लागते’ असे निदान केले. शेवटी घरातल्या अंध मामांनी टॅब मागून घेतला, कानाशी धरला आणि वाचण्याचा वेग इतका वाढवला की इतरांना जात्यावर तूर भरडल्याचा आवाज येऊ लागला. मामांनी मात्र तेवढ्यात बँकेतली शिल्लक ऐकली, विजेचे बिल ऐकले, आणि भाच्याने बिलाच्या नावाखाली नेलेल्या पैशांचा हिशेब मागितला. तो टॅब अजून मामांकडेच आहे.

अशा प्रसंगी सरकारी फॉर्म आपल्या मदतीला धावतो. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहा, असे चित्र पुढे आले की टॉकबॅकची वाचा बसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता येण्याजोगे असावे असे म्हटले आहे. तो कायदाही बहुधा चित्ररूपात छापला असावा.

नोव्हेंबरात विशेष दक्षता हवी. पेन्शनरांनी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्याचा तो महिना. 2014 पासून हा दाखला डिजिटल झाला, आणि 2021 पासून अंगठ्याऐवजी चेहराही चालतो. म्हणजे आबाजी खाटेवर बसल्या बसल्या हयात ठरू शकतात. हे टाळायचे तर त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवावे, म्हणजे उजेड मागून येतो आणि चेहरा काळा पडतो. आधारच्या फोटोत कवळी होती का, यावर घरात चर्चा लावावी. ‘पापणी लववा’ ही सूचना आपण इतक्या जोरात ओरडावी की ते डोळे घट्ट मिटून घेतील.

बोलून टाइप करण्याची सोय गूगलने मराठीत 2017 सालीच दिली, तिचाही धोका आहे. आजी वऱ्हाडीत बोलतात, टॅब कधी बरोबर लिहितो, कधी भलतेच. पण त्या दमत नाहीत, पुन्हा बोलतात. आणि अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत आबाजींनी टॅबवर ऐकले, वर हवामान खात्याचा अंदाज काढून दोन्ही ताडून पाहिले, तर यंदा कपाशी की सोयाबीन हे ठरवायला तुमच्या फोनची वाट कोण पाहील?

सर्वांत खात्रीचा उपाय शेवटी. आधारला आणि बँकेला नंबर पुण्यातल्या मुलाचाच राहू द्यावा. ओटीपी तिकडे जातो, मुलगा मीटिंगमध्ये असतो, मुदत उलटते. टॅब कितीही मोठा असो, चावी आपल्या खिशात राहते. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घेता येतो हे आजी-आबाजींना कळलेच, तर त्या दिवशी गाडी पंक्चर असल्याचे सांगावे. इथे मात्र आमच्या पद्धतीत एक खोट राहिली आहे. तालुक्याला एसटी जाते, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिच्यात तिकीट लागत नाही, आणि आजी अजून पंचाहत्तरीच्या आत असल्या तरी निम्म्या भाड्यात बसतात.