कॉलरीमागचे नाना

ओहायोच्या थंडीत मराठी मंडळातल्या कुणाकडे जेवायला गेलं, की यजमानांच्या बेडरूममध्ये पलंगावर कोटांचा ढीग पडलेला दिसतो. आल्याआल्या आपला कोट त्यावर टाकायचा आणि जेवणाकडे वळायचं, अशी इथली रीत. नाना कोट टाकायला म्हणून आत जातात ते पुरणपोळ्या संपत आल्या तरी बाहेर येत नाहीत. शोधायला जावं तर ढिगातलं एखादं चामडी जर्किन उलटं करून, कॉलरीत नाक खुपसून उभे. "कुणाचं आहे हे?" एवढंच विचारतात. ज्याचं असतं तो कौतुकाच्या आशेने पुढे सरकतो आणि तिथेच फसतो.

नाना दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या चामडी जाकिटांचे पारखी. स्वतः विमान चालवणं सोडाच, विमान सुटताना नानींचा हात घट्ट धरून डोळे मिटून घेतात. खाण्यात अंडंसुद्धा चालत नाही, पण घोड्याचं कातडं नाकाशी धरून त्याचं वय सांगतात. डेटनला ते गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीसाठी आले. नोकरी संपली आणि रिकाम्या वेळेत गावाने त्यांना गाठलं. गावही तसंच आहे. राइट बंधू इथले. लेस्ली अर्विनने 1919 मध्ये विमानातून उडी टाकून स्वतःच्या हाताने पॅराशूट उघडून दाखवलं ते इथल्याच मॅककुक फील्डवर. पुढे इंग्लंडच्या हवाई दलाचं मेंढीच्या कातड्याचं जाकीट त्याच्याच नावाने गाजलं. इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात 25 मोहिमा पार पाडलेली 'मेम्फिस बेल' 2018 पासून उभी आहे. लोक लांबून लांबून ते विमान बघायला येतात. नाना त्याला पाठ करून काचेच्या कपाटातल्या जाकिटाची चेन न्याहाळत असतात.

त्यांचं दैवत म्हणजे अमेरिकन सैन्याने 1931 मध्ये मान्य केलेलं 'ए-टू'. ते तपासायचा त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात लेबल सगळ्यात शेवटी येतं. "लेबल काय, कुणीही शिवून देईल," म्हणतात. आधी पाठ बघायची. ती एका अखंड तुकड्याची हवी, मधे शिवण दिसली की संपलं. मग खिसे. दोनच, वरून उघडणारे, झाकणाला टिचबटण. बाजूने हात घालून ऊब घ्यायची सोय सापडली, तर नाना मालकाकडे असं बघतात की त्याने ते हात नेमके कुठे ठेवावेत हे त्याला कळेनासं होतं. कॉलरीची टोकं खालून लपलेल्या टिचबटणांनी बसलेली हवीत. चेन टॅलन, क्राऊन किंवा कॉनमारची. ही नावं नाना त्रिमूर्तीसारखी घेतात. चेनवर 'वायकेके' वाचलं, तर "चेन बदललीय" असं हळूच सांगतात, कारण आतापर्यंत मालकाचा चेहरा पडलेला असतो आणि नाना मनाने वाईट नाहीत.

त्यानंतर दिवे घालवायचे. खिशातली निळ्या उजेडाची बॅटरी निघते आणि शिवणीवरून फिरते. युद्धाच्या काळातला दोरा सुती, तो अंधारात गप्प राहतो. नंतरचा कृत्रिम दोरा उजळून चुगली करतो. एकदा एक नवख्या यजमानीणबाई या वेळी आत आल्या. काळोख्या बेडरूममध्ये तीन पुरुष, एक निळी बॅटरी आणि पलंगावर आपला नवराही ओणवा झालेला बघून त्या आल्या पावली परत गेल्या.

एवढं सगळं उरकल्यावर लेबल. '42-1401-पी' असा कंत्राटाचा आकडा असला, की नाना खूश. म्हणजे रफ वेअर कंपनीचं, पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनचं. त्यातलं 42 म्हणजे 1942 साल असं कुणी म्हटलं, तर बोट वर करून थांबवतात. "सरकारी वर्ष! जुलै 41 ते जून 42." काही लेबलांवर साल नसतंच, 'डब्ल्यू 535 एसी' आणि पुढे नुसता आकडा. ते पाठच करावे लागतात. 27798 म्हणजे शिकागोची दुबाव कंपनी. हाच आकडा नानांनी घराच्या गजरालाही दिलाय, त्यामुळे भाजी घेऊन घरात शिरायचं तर नानींनाही दुबाव कंपनी आठवावी लागते. 1943 मध्ये जनरल हॅप अरनॉल्ड यांनी चामडी जाकिटांची नवी कंत्राटं बंद केली आणि कापडी जाकीट आणलं, याचा राग नानांच्या मनातून अजून गेलेला नाही. हवाई दलाने 1988 मध्ये ए-टू परत सुरू केलं खरं, पण ते बकरीच्या कातड्याचं. नाना त्याला 'नातू' म्हणतात. आजोबा बैठकीत असताना नातवाने जितपत बोलावं तितपतच महत्त्व त्याला देतात.

त्यांच्या या विद्येचा सगळ्यात मोठा जाहीर प्रयोग झाला तो एका डॉक्टरांवर. डॉक्टरांनी बरेच पैसे मोजून जाकीट आणलं होतं. केसाळ कॉलर, पाठीवर चार इंजिनांचं फ्लाइंग फोर्ट्रेस रंगवलेलं, त्याखाली ओळीने पंचवीस बॉम्ब, प्रत्येक मोहिमेचा एक. विकणाऱ्याने सोबत हकिगतही दिली होती. जर्मनीवरचे हल्ले, जळतं इंजिन, परतलेला वैमानिक. डॉक्टर ती डोळ्यांत पाणी येईल अशा आवाजात सांगत होते. नानांनी पाठीवरच्या चुण्या चाचपल्या, चेनीमागची पट्टी उलटली. तिच्यावर बारीक भोकांनी 'यूएसएन' टोचलेलं.

"डॉक्टर, हे नौदलाचं. जी-वन. बकरी."

"असेल. पण विमान..."

"विमान हवाई दलाचं." मग लेबल. "आणि हे बघा, डीएसए, शंभर, सदुसष्ट. डीएसए हे खातंच साठीनंतरचं. सत्याहत्तरनंतर असतं तर डीएलए लिहिलं असतं. म्हणजे जाकीट 1967 च्या सरकारी वर्षातलं. तुमच्या वैमानिकाने पंचवीस बॉम्ब टाकले, लढाई जिंकली, घरी गेला, आणि बावीस वर्षांनी नौदलाकडे जाऊन जाकीट शिवून घेतलं."

"अहो नाना, पण त्या माणसाने सगळी गोष्ट सांगितली मला!"

"गोष्टीचं लेबल दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी नानांना दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही. माझ्या मते ते जरा जास्तच झालं. नानांनी बॉम्ब मोजले होते, टाकले नव्हते.

नाना ज्याच्यापुढे विरघळतात अशी एकच गोष्ट आहे. आसामातून हिमालयावरून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत मालाची विमानं नेणाऱ्या अमेरिकनांच्या जाकिटांवर एक ढाल असे. खाली लाल-पांढरे पट्टे, वर चीनचा बारा किरणांचा सूर्य आणि हिंदुस्थानचा तारा. कितीतरी ढाली आपल्याकडच्या कारागिरांनीच करून दिल्या, चामड्याचे तुकडे जोडून नाहीतर जरीने भरून. जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात एका विक्रेत्याने अशी ढाल असलेलं जाकीट बाजूला टाकलं होतं. टाके वेडेवाकडे, तारा एका बाजूला कललेला. कारखान्यातून असं येणारच नाही, म्हणजे नकली, हा त्याचा हिशेब. नाना बराच वेळ ते हातात घेऊन उभे होते. बॅटरीसुद्धा काढली नाही. एरवी एक टीप तिरकी गेली तर जाकीट नाकारणारा हा माणूस त्या वाकड्या ताऱ्यावर अंगठा फिरवत म्हणाला, "अरे, हा हात आपल्याकडचा. याला दोन दिवसांत द्यायचं सांगितलं असणार आणि वर पैशांसाठी घासाघीस केली असणार." मग स्वतःही तितकीच घासाघीस करून ते घेतलं.

ते आता तळघरात आहे, बाकीच्यांबरोबर. तळघरातली हवा कोरडी ठेवणारं यंत्र दिवसरात्र चालतं. नानींचं लोणचं वर गरम स्वयंपाकघरात असतं. तळघराला नानी तबेला म्हणतात, आणि पाहुण्यांना घर दाखवताना "खाली घोडे आहेत" एवढं सांगून जिना टाळतात.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या भाचीने आपला मित्र घरी आणला. मुलगा ओहायोचाच, गोरा, लग्नाचं बोलायला आलेला. नानींनी दोन दिवस आधीपासून नानांना बजावून ठेवलं होतं, की नोकरी विचारा, घरचे कोण विचारा, कॉलर धरू नका. मुलगा आला तो आजोबांचं ए-टू घालून. नानांनी दारातच "द्या, मी ठेवतो" म्हणून जाकीट काढून घेतलं आणि गायब झाले. नानींनी एकटीने त्याची नोकरी विचारली, घरचे विचारले, त्याला शिरा खायला घातला, त्याने तो मागून घेतला. शेवटी त्या जिना उतरून खाली गेल्या. दिवे बंद, निळा उजेड.

"अहो, वर मुलगा बसलाय. कसा वाटतो तुम्हाला?"

"चांगला आहे. कफ बदललेत, पण नावाची पट्टी पहिल्यापासूनची. तिच्याखालचं कातडं बघ, रंग उडालेला नाही."

"मी मुलाचं विचारतेय."

"मी पण त्याचंच सांगतोय. एवढा भाव येतो याला, तरी विकलं नाही त्याने."

नानी क्षणभर विचारात पडल्या. "मग वर जाऊन तिला हो म्हणू का?"

"थांब गं जरा," नाना म्हणाले, "चेन बघायची राहिलीय."