गैरहजर बाईचं मत बाटलीला

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लोकांनी सह्या गोळा करून राज्याच्या घटनेतली एक दुरुस्ती मतदानाला आणली होती. आम्हाला विचारल्याशिवाय नवे कर लावू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. गव्हर्नर आणि विधिमंडळ धावत कोर्टात गेले आणि जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न मतपत्रिकेवरूनच उतरवला. बिचारे! वकिलांवर केवढा खर्च झाला असेल. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पाटी बदलली, दुकानं तिथंच) शिकवणीला आले असते तर मतदान होऊ देऊनही काम भागलं असतं.

आपल्याकडे उमेदवाराला सोडून थेट प्रश्नाला मत देण्याची सोय दारूच्या दुकानापुरती आहे. 2008 च्या शासन आदेशानं ती दिली. एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करायच्या, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान. चिन्हं दोन: दुकान चालू ठेवायला उभी बाटली आणि बंद करायला आडवी बाटली. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी 2016 मध्ये ती आडवी करून दाखवली.

पण गंमत पुढे आहे. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या चालत नाहीत, यादीतल्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत 1000 बायका आहेत. 600 आल्या, 490 जणींनी आडवी केली, 110 जणींनी उभी. निकाल? बाटली उभी! न आलेल्या 400 जणींनी घरबसल्या दुकान वाचवलं. त्यात सासरी गेलेल्या लेकी आल्या आणि यादीतून नाव न निघालेल्या मयत आज्याही आल्या. जी जन्मभर नवऱ्याच्या दारूनं गांजली, ती मेल्यावर दुकानदाराच्या खात्यात जमा.

पाथर्डी-शेवगावकडच्या बायका तर कोयता घेऊन सहा-सहा महिने कारखान्याच्या फडावर असतात. त्या हंगामात मतदान लागलं की गावातलं दुकान निश्चिंत. तिनं तोडलेल्या उसाची साखर होते, मळी उरते, मळीचं मद्यार्क होतं. म्हणजे माल तिच्याच घामाचा आणि तो विकायला संमतीही तिच्याच गैरहजेरीची. सहकार म्हणतात तो हाच असावा.

हातभट्टीला मात्र ना परवाना, ना मतदान. तिची बाटली उभी नसते आणि आडवीही नसते, फुगा असतो.

माझी एक नम्र सूचना आहे. हाच नियम आमदारकीला लावावा. यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी बटण दाबलं तरच उमेदवार उभा, नाहीतर आडवा. मयतांची मतं विरोधात धरावीत. सूचनेचा नुसता मसुदा निघू द्या. संभाजीनगरच्या खंडपीठात सगळ्या पक्षांचे वकील एकाच गाडीतून उतरतील.