ऐकेल त्याचं गाणं

आईसाठी अभंगांचा एक अल्बम मी गेल्या आषाढात ऑनलाइन दुकानातून घेतला. हिरव्या बटणावर स्वच्छ मराठीत 'खरेदी करा' लिहिलं होतं. मी केली. 120 रुपये गेले, त्यातच 18 टक्के जीएसटी. परवा आईनं पीठ मळता मळता कोपरानं फोन माझ्याकडे सरकवला. अल्बमच्या जागी एक राखाडी चौकोन होता आणि त्याखाली ओळ : 'ही सामग्री आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.'

"पावती आहे ना?" आईनं विचारलं.

आहे की. आईच्या ट्रंकेत तीस वर्षांपूर्वीच्या चादरीची पावती आहे, आणि ट्रंकेत तळाला ती चादरही आहे. माझ्याकडे नुसती पावती.

दुकानात माणूस नसतो, 'सहाय्यक' असतो. त्याला माझ्या भावना तीनदा समजल्या. चौथ्यांदा त्यानं सांगितलं, "आपण सामग्री नव्हे, सामग्री ऐकण्याचा परवाना खरेदी केला होता."

आता 'खरेदी' हा शब्द सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला शिकवायचा? इथं पोराला पाढ्यांआधी खरेदीखत, साठेखत, गहाणखत नि भाडेपट्टा यांतला फरक कळतो. गुंठाभर जागेसाठी आपण दोन साक्षीदार उभे करतो, अंगठा देतो, फोटो काढून घेतो, चतुःसीमा वाचून घेतो. कारण एकदा खरेदी झाली की ताबा आपला. बटणावर जागा नव्हती म्हणावं, तर मी कागदावर लिहून पाहिलं. 'भाड्याने घ्या' त्याच बटणात आरामात बसतं. 'तूर्त ऐका' तर त्याहून लहान. पण नाही. शब्द खरेदीखताचा आणि व्यवहार भाडेपट्ट्याचा. तोही असा की घरमालकाला वाटेल तेव्हा कुलूप बदलता येतं, आणि भाडं मात्र आधीच एकरकमी घेतलेलं!

समजा, सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या चादरवाल्यानं हेच केलं तर? तुम्ही चादर घेतलीत, घरी आणलीत. संक्रांतीचे दिवस, गड्ड्याच्या जत्रेतून दमून आलात, डोक्यावरून ओढून झोपलात. रात्री दोनला एक माणूस खिडकीतून हात घालतो आणि पायाकडून चादर ओढायला लागतो. तुम्ही वरचं टोक धरता. तो नम्रपणे म्हणतो, "साहेब, आमचा मागवाल्याशी करार संपला. आपण चादर नव्हे, उबेचा परवाना घेतला होता." तुम्ही म्हणता, निदान सकाळपर्यंत तरी राहू दे. तो म्हणतो, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. मग घडी घालतो (ती मात्र व्यवस्थित) आणि जाता जाता विचारतो, सेवा कशी वाटली? अशा चादरवाल्याला आपल्या गल्लीनं काय दिलं असतं ते इथं छापता येत नाही. आणि खऱ्या, साध्या चादरीवर कर किती? 5 टक्के. जी नातवंडांच्या पायापर्यंत पुरते तिच्यावर 5, आणि जे आपलं कधी नव्हतंच त्या गाण्यावर 18! नसलेल्या वस्तूवर साडेतीनपटीहून जास्त कर लावायची बुद्धी ज्या कुणाला सुचली असेल, त्याच्या अंगावरची चादर ओढायला मी स्वतः दोन वाजता जाईन.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदा लागू झाला आहे : फाइल कायमची उतरवून न देता 'खरेदी' म्हणायचं असेल, तर हा निव्वळ परवाना आहे हे गिऱ्हाइकाला आधी ठळक सांगा. म्हणजे तिथं आधी सांगून चादर ओढतात.

आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्यानं कसेल त्याची जमीन केली. त्याच वर्षी कॉपीराइट कायदाही झाला. ध्वनिमुद्रणाच्या मालकाला तो आज प्रकाशनानंतर 60 वर्षं सांभाळतो. दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या, पण कुळ म्हणून आमचं नाव फक्त पहिलीत. आईनं तो अल्बम रोज सकाळी, एकादशीला दोनदा, असा वर्षभर कसला आहे. आमची कुळ म्हणून नोंद कुठल्या उताऱ्यावर घालायची ते सांगा.

आईचं डोकं मात्र 'प्रदेशा'वर अडलं होतं. "आपला प्रदेश म्हणजे महाराष्ट्रच की रे? मग पलीकडं लागत असेल. बघून तरी येऊ."

तर रविवारी आम्ही विजापूर रोडला लागलो. टाकळीला भीमेचा पूल ओलांडला, कर्नाटकातल्या धूळखेडला चहाच्या गाड्यापाशी थांबलो, फोन उघडला. तोच राखाडी चौकोन.

गाड्यावरच्या स्पीकरवर मात्र एक अभंग चालू होता. आईनं कान टवकारले. तोच. पाठीमागे लाल पेनड्राइव्ह खोचलेला, त्याला रबरबँड गुंडाळलेला.

"विकत घेतलंत का हो?" मी विचारलं.

"गाणं कोण विकत घेतंय ओ साहेब? मोबाइलच्या दुकानात भरून घेतलं. सहा वर्षं झाली." त्यानं गाळणं झटकलं. "तुम्हाला पाहिजे काय? पोरगा घालून देतो. पन्नास रुपये, चारशे गाणी."

"परत कुणी काढून घेणार नाही ना?"

त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "कशाला काढून घेतील?"

मी पन्नासची नोट पुढे केली आणि सवयीनं पावती मागायला तोंड उघडलं. आईनं टेबलाखालून माझा हात दाबला.